खाजाभाईची घोडी

आधी चहा घ्या, गार होईल. आणि हसायचं तर हळू हसा, कारण आमची मंडळी आत भाकरी थापतेय. तिच्या कानावर 'घोडी' एवढा एक शब्द गेला ना, की तवा तसाच चुलीवर टाकून ती बाहेर येते आणि सगळी हकिकत तिच्या पद्धतीनं सांगायला लागते. तिच्या सांगण्यात मी फारच बावळट असतो. माझ्या सांगण्यात थोडा कमी असेन, एवढीच आशा.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी मुरुमला वडिलांच्या कापडाच्या दुकानात बसायचो. दिवसभर गजानं कापड मोजायचं आणि टराटरा फाडायचं. लग्न नुकतंच झालं होतं. सासुरवाडी खाली बेनितुरा नदीच्या काठाला. सपाट काळं रान, नदीच्या कडेकडेनं जाणारी पायवाट, दोन्ही अंगाला ज्वारी. आणि सासरे कोण? तर आप्पा! आख्ख्या नदीकाठाला घोड्यावर बसण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. त्यांच्या घरात माणूस आजारी पडला तर काढा. घोडं आजारी पडलं तर मात्र थेट उमरग्याहून जाणता माणूस बोलावणार!

अशा माणसाचा मी जावई. वरातीत मला घोड्यावर बसवलं, आणि ताशेवाल्यानं जोरात ताशा बडवला. घोड्यानं नुसता एक पाय उचलला हो, एकच! मी बाशिंगासकट पुढं वाकलो आणि त्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकले. ते मारुतीच्या देवळापर्यंत काढलेच नाहीत. वऱ्हाड हसून हसून लोळलं. आप्पा हसले नाहीत. ते फक्त शेजारच्या पाहुण्याला म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. पन हातात गज धरनारं हाय, लगाम न्हाय."

हे मी ऐकलं होतं. आणि मंडळीनंही ऐकलं होतं.

दिवाळीला ती माहेरी गेली तेव्हा निघताना मला हळूच म्हणाली, "मला न्यायला येताना घोड्यावर या. नीट ताठ बसून या. भावजया अजून नक्कल करतात तुमची, गाडग्याच्या गळ्यात हात टाकून दाखवतात. एकदा तरी माझी मान वर होऊ द्या."

आता सांगा, नवी नवरी असं डोळ्यांत पाणी आणून म्हणाली तर माणूस काय करेल? मी म्हटलं, घोड्यावरच येणार!

पण घोडं आणायचं कुठून? तर आमच्या गल्लीत खाजाभाई मण्यार राहायचे. गावोगावच्या बाजाराला जाऊन बायकांना बांगड्या भरायचे. त्यांची एक पांढरीशुभ्र घोडी होती. नाव बिजली. नाव बिजली, पण पाठीवर कायम काचेच्या बांगड्या, त्यामुळं बिचारीला पाऊल जपून टाकायची सवय. म्हणजे माझ्यासाठी देवानंच घडवलेली! दुकानामागच्या मोकळ्या जागेत मी तिच्यावर बसायला शिकलो. पडलो, उठलो, पुन्हा पडलो. शेवटी बिजलीलाच माझी दया आली असावी, कारण मी पडायचा थांबलो.

खाजाभाईंनी निघताना बजावलं, "देखो भाऊ, घोडी तुमच्या हवाली. दो बातां याद रखो. पानी दिखा तो थांबा. और नीचे उतरे तो रस्सी नक्को छोडो. बाकी सब बिजली को मालूम है."

"काळजीच नको!" मी म्हटलं.

सासऱ्यांना बाजारच्या माणसाबरोबर आधीच सांगावा धाडला होता, जावई खाजाभाईच्या पांढऱ्या घोडीवर बसून येतायत. मुद्दाम हो! दारात सगळे उभे राहून बघायला नकोत का?

अहाहा, काय तो दिवस! बेनितुरा डाव्या हाताला, पाणी नितळ, बगळे पाण्यात उभे. कमरेएवढी ज्वारी वाऱ्यावर हलतेय. तरवड नुसता पिवळाधमक फुललेला. आणि मी वर! तुम्ही कधी घोड्यावर बसून नदीकाठानं गेलाय का? नसाल गेला तर तुम्हाला नाही कळायचं. जमिनीवरून चालताना आपण कापडवाले असतो. घोड्यावर बसलो की सुभेदार! मी रस्त्यातल्या बाभळींनासुद्धा मान हलवत होतो.

सासुरवाडीच्या अलीकडं नदीचा उतार लागला. पाणी दिसलं तर थांबा, थांबलो. बिजली घामेजली होती, पाय चिखलानं काळे झालेले. म्हटलं, अशी मळकी घोडी घेऊन सासऱ्यांच्या दारात जायचं? खोगीर उतरवलं, लगाम काढला, तिला पाण्यात नेऊन चोळचोळ चोळली. दुधासारखी पांढरी झाली हो! मग माझी पाळी. पिशवीत नवी शेरवानी होती, रेशमी फेटा होता. बाभळीच्या आडोशाला गेलो, शेरवानी चढवली आणि पाण्यात बघून फेटा बांधायला बसलो. फेटा काही मनासारखा बसेना. एकदा शेमला लांब, एकदा आखूड. एकदा तर डोळ्यावरच आला.

आणि रस्सी? अहो, फेटा दोन हातांनी बांधतात! रस्सी काय दातात धरू?

फेटा बांधून बाहेर आलो तर घोडी गायब.

खाजाभाईंचं पोट त्या घोडीवर, आणि माझी लाज तिच्यावर. पळत सुटलो. नवे बूट कुरकुर वाजतायत, फेटा सुटतोय. एका वळणावर बघतो तर काय, शेतात पांढरी घोडी निवांत ज्वारी खातेय! जीव भांड्यात पडला. "बिजले, बिजले," करत पळतच गेलो.

शेताचा मालक बांधावर उभा होता. म्हटलं आता हा शिव्या घालणार. कोवळं पीक मटामटा खाल्लं जातंय, कुणीही घालील. पण त्यानं हात जोडले होते!

"माफ करा हां," मी म्हटलं, "जनावर आहे, चुकून शिरलं."

"खाऊंद्या की मालक," तो म्हणाला. "आमचं भाग्य हाय."

बघा, शेरवानीचा परिणाम! मुरुमला मी रोज धोतरात बसतो म्हणून कुणी विचारत नाही. मी खुशीत परत जाऊन खोगीर-लगाम आणून चढवलं. पोटाखालचा तंग आवळताना तो काही पुरेना, शेवटच्या भोकावर कसाबसा बसला. म्हटलं, लई पाणी प्यालेली दिसतेय. कपाळावर पिवळं काहीतरी माखलं होतं. तरवडाच्या फुलांत तोंड घातलं असणार. कारणं मला अगदी भराभर सुचत होती.

मी रिकिबीत पाय घातला तसा तो शेतकरी पुढं आला. "मालक... वर बसनार तुमी?"

"मग काय चालत जाऊ सासुरवाडीला?"

त्यानं तोंडावर हात ठेवला आणि मागं सरकला.

बसलो, आणि काय सांगू! सकाळपासून पाऊल मोजून टाकणारी घोडी एकदम वाऱ्यावर आली. अशी झेप घेतली की माझा फेटा मागं आणि मी पुढं. ज्वारी दोन्ही बाजूंनी सर्रर्र मागं पळतेय, पाण्यातले बगळे उडतायत, आणि मी पडत नाहीये! मी पडत नाहीये हो! चाल तर अशी गुळगुळीत की वर बसून चहा प्यावा. मला वाटलं, आता आपल्याला जमलं. घोडीनं आपला हात ओळखला. वडिलांनी उगाच आपल्याला गजाला बांधून ठेवलं, आपण मुळात घोडेस्वारच.

पुढं एक वस्ती आली आणि घोडी आपणहून एका दारात थांबली. आतून एक बाई घागर घेऊन धावत आली. पायावर पाणी घालायला! जावयाचं केवढं हे आगत-स्वागत! मी झटकन रिकिबीतला पाय पुढं केला. बूट काढायला वेळ नव्हता, म्हटलं असू द्या. तिनं माझ्याकडं बघितलं, बुटाकडं बघितलं, आणि बुटाला वळसा घालून पाणी घोडीच्या खुरांवर ओतलं. नेम चुकला बिचारीचा, असं मला वाटलं.

मागून एक म्हातारी सूप घेऊन आली. सुपात भिजवलेले हरभरे आणि वर गुळाचा खडा. तिनं सूप वर केलं. मला भूक लागलीच होती. मी वाकून चांगली मूठभर उचलली आणि तोंडात टाकली.

"यव्वा!" म्हातारी किंचाळली. "ह्यानीच खाल्लं की!"

"छान आहेत आजी," मी म्हटलं. "गूळ आणखी चालेल."

घोडीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मला ते बघणं अजून आठवतं. मी मन मोठं करून चार दाणे तिलाही दिले.

मग काय, दार आलं की घोडी थांबणार, बायका पाणी घालणार, मी हरभरे खाणार. मागं माणसं जमायला लागली. कुणीतरी 'येळकोट येळकोट' म्हटलं, बाकीच्यांनी 'जय मल्हार' केलं. नदीकाठाला जावयाचं कौतुक फार असतं असं ऐकून होतो, पण एवढं? मी नवाबासारखा हात हलवायला लागलो.

घोळक्यातली कुजबूज कानावर येत होती.

"कोन असंल रं ह्यो?"

"आजपतूर कुनाला बसू दिलंय का त्येनं? ह्याला बसू देतंय म्हंजी कुनीतरी असंल. आपुन कशाला बोलावं बाबा."

"हरभरं बी सोडंना!"

ऐकून माझी छाती आणखी फुगली. घोडी कुणालाही बसू देत नाही, मला देते, ही बातमी इथपर्यंत पोचली होती! एवढ्यात एक बाई पुढं आली, पदर पसरून म्हणाली, "म्हाराज, माजी म्हस औंदा आटलीया. दूध दील का?"

आता मी काय म्हशींचा डॉक्टर? पण एवढ्या लोकांत नाही कसं म्हणायचं? मी गंभीर होऊन म्हटलं, "वैरण द्या पोटभर. देईल."

"घ्या! बोलले!" सगळी गर्दी ओरडली, आणि माझ्या बुटावर मूठभर हळद येऊन पडली.

अशी ती स्वारी सासुरवाडीच्या शिवेपाशी आली, आणि समोरून धुरळा उठला. आप्पा घोडा पिटाळत येत होते. मागं गडी पळतायत, कुणाच्या खांद्यावर दोर, कुणाच्या कमरेला पोहायचे भोपळे. त्यांच्याही मागं एक बैलगाडी, आणि गाडीत कुणीतरी हंबरडा फोडून रडतंय. मला वाटलं, नदीत कुणी बुडालं असणार. माझ्या स्वागताच्या दिवशीच बुडायचं होतं का त्याला?

तरीपण मी रिकिबीत ताठ उभा राहिलो आणि सलाम ठोकला. हीच तर वेळ होती!

आप्पांनी लगाम खेचला. माझ्याकडं बघत राहिले. "जित्ता हाय!" ते मागं वळून ओरडले. "आगं रडू नका, जित्ता हाय जावई!"

"मला काय झालंय, आप्पा?"

"आवो, खाजाभाईची घोडी रिकामीच आलीया दारात! वली चिंब! ना खोगीर, ना तुमी. आमाला वाटलं, पान्यात गेला तुमी."

"कसं शक्य आहे?" मी हसून म्हटलं. "घोडी तर ही काय! हिच्यावरच बसलोय मी. बिजली!"

आप्पांची नजर माझ्यावरून खाली घोडीवर गेली, आणि तिथंच थांबली.

"घोडी?" आप्पांनी हळू विचारलं.

"घोडीच की! चाल बघायची का? तुमच्या दारापर्यंत दौडत..."

"जावईबापू, खाली उतरा."

"नाही आप्पा, आज मी दारापर्यंत बसूनच..."

"खाली उतरा. आन् जरा वाकून बघा."

उतरलो. वाकलो. बघितलं.

आता पुढचं काय सांगू तुम्हाला! एवढ्या बायामाणसांत, नवी शेरवानी घालून, मी घोड्याखाली वाकलोय, आणि खाजाभाईच्या घोडीचा घोडा झालाय! तोही साधासुधा नाही, चांगला दणदणीत घोडा! सकाळी तिला स्वतःच्या हातानं चोळून धुतली होती हो मी, आणि दुपारी मला फरक कळला नव्हता!

"ह्यो खंडोबाचा घोडा हाय," आप्पा म्हणाले. "थोरल्या पाटलानं नवसाचा सोडलाय. त्याच्या बसायचा व्हता आदुगर. देवाला सोडल्यापास्नं कुनी पाठीला हात लावलेला न्हाय. रानात फिरतंय, कुनाच्याबी शेतात खातंय. दारात आलं की पाय धुवायचं आन् घरातला घास त्याला द्यायचा."

घास! त्यातले निम्मे माझ्या पोटात होते.

इतका वेळ लोकांना वाटत होतं मी कुणीतरी देवाचा माणूस आहे. आता कळलं की हा तर आप्पांचा जावई, मुरुमचा कापडवाला! गर्दी एकदम खवळली. "देवाच्या घोड्यावर बसला!" "बुटासकट बसला!" हरभरेवाली म्हातारी सुपासकट तिथं हजर होतीच. "आन् माजं हरभरं खाऊन वर गूळ मागत व्हता, भाड्या!"

आप्पांची मान खाली. मला धरणी दुभंगावी असं वाटत होतं. ज्या माणसासमोर ताठ बसून दाखवायचं, त्यालाच मी सगळ्या नदीकाठासमोर खाली बघायला लावलं होतं.

शेवटी देवळाचा म्हातारा पुजारी काठी टेकत पुढं आला. "गप रे. देव न्हाय रागवायचा. अजान हाय लेकरू. पन ज्यानं देवाच्या घोड्यावर भार टाकला, त्यानं त्याचा भार उचलायचा. घ्या म्हनावं खोगीर पाठीवर, आन् चला देवळापतूर."

मी आप्पांकडं बघितलं. जावयाला वाचवतील म्हणून! आप्पा घोड्यावरून उतरले, देवाच्या घोड्यावरचं खोगीर काढलं आणि म्हणाले, "वाका."

आणि काय सांगू, खोगीर त्यांनी स्वतः बांधलं. अगदी घोड्याला बांधावं तसं. शेरवानीवरून तंग आवळला, आणि फार घट्ट तर नाही ना म्हणून दोन बोटं आत घालून बघितलं. सवयच ती!

मिरवणूक निघाली. पुढं घोडा, हळदीनं पिवळा, दिमाखात. मागं मी, खोगीर घालून. तेवढ्यात बैलगाडी येऊन पोचली. सासूबाईंच्या मांडीवर तोंड खुपसून मंडळी रडत होती. तिनं मान वर केली. डोळे सुजलेले, केस सुटलेले. तिला मी दिसलो आणि चालत्या गाडीतून तिनं उडी टाकली. त्या काळात, एवढ्या वडीलधाऱ्यांसमोर, नवी नवरी धावत आली आणि माझे दंड चाचपायला लागली. "लागलं का कुठं? पाणी गेलं का नाकात? बोला की!"

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या खोगिराचं, गर्दीचं, कशाचंही काही वाटेना. माझ्यासाठी कुणी इतकं रडतं, हे मला माहीतच नव्हतं.

मग तिचा हात दंडावरून पाठीवर गेला. तिथं खोगीर लागलं. ती थबकली. वाकून तंग बघितला. पदर तोंडात कोंबला आणि खांदे गदागदा हलायला लागले. मला वाटलं, पुन्हा रडतेय. मी म्हटलं, "अगं रडू नकोस, मी आहे ना."

तर ती रडत नव्हती.

देवळात भंडारा उधळला, घोड्यानं खोबरं खाल्लं, पुजाऱ्यानं माझ्या कपाळाला हळद लावली आणि सगळं माफ झालं. तीच माणसं मग हसून हसून मला टाळ्या द्यायला लागली. घरी गेलो तर खरी बिजली आप्पांच्या दारात उभी. खाजाभाईंचा बाजाराच्या दिवशीचा मुक्काम तिथंच असायचा, त्यामुळं तिला सगळं मालूम होतं. तिच्याभोवती गल्लीतल्या बायका बांगड्यांची वाट बघत बसल्या होत्या.

त्या रात्री जेवताना आप्पा माझ्याशी फार प्रेमानं बोलले. "पडला न्हाय तुमी त्याच्यावरनं, ह्ये मानलं म्या," म्हणाले. मला वाटलं, मिटलं प्रकरण.

कसलं मिटतंय! पुढच्या पावसाळ्यात बेनितुरेला असा पूर आला की मंडळीला बाळंतपणाला माहेरी नेताच येईना. पहिलं बाळंतपण मुरुमलाच झालं. पाणी उतरल्याबरोबर मी दुकानातल्या गड्याला पेढे देऊन सासुरवाडीला पिटाळलं. जा, सांग आप्पांना, मुलगा झाला!

गडी संध्याकाळी परत आला. पेढे तसेच.

"काय रे? घरी नव्हते का?"

"व्हते की. लई खूश झाले. पेढा उचलून पार तोंडापतूर नेला. मग मला इचारलं, पोरगा हाय असं कोन म्हनलं? म्या म्हनलं, मालकांनी सोता बघितलंय. तर त्यांनी पेढा परत डब्यात ठिवला."

"आणि?"

गडी माझ्याकडं बघेना. "म्हनले, जावयाचं बघितल्यालं न्हाय चालायचं. मागं फीर, आन् सुईनीला इचारून ये."